वेड पांघरून धक्क्याला

माझे गाव पेडगाव. एवढे एक वाक्य बोलून मी नेहमी थोडा थांबतो. समोरच्याचे हसून होऊ द्यावे आणि मग पुढचे बोलावे, असा माझा पन्नास वर्षांचा रिवाज आहे. हसून झाले की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे वेड पांघरून जायचं ते?" त्यावर मी सांगतो की ते नव्हे. म्हणीतले पेडगाव भीमेच्या काठी, श्रीगोंदा तालुक्यात, काल-परवापर्यंत अहमदनगर आणि आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या जिल्ह्यात आहे. तिथे बहादूरगड नावाचा भुईकोट किल्ला आहे, आणि मोगलांच्या सरदाराला मराठ्यांनी तिथे कसे बनवले त्याच्या सुरस कथा आहेत. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. परभणीहून मानवतकडे जाताना लागणारे. आमच्याकडे किल्ला नाही, रेल्वे स्टेशन आहे. आमच्या गावाला यायला वेड पांघरावे लागत नाही, तिकीट काढले की पुरते. (तिकीट न काढताही लोक येतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

एवढे सांगून झाल्यावर मी दुसरे वाक्य बोलतो, आणि ते मात्र लोकांना झेपत नाही. ते वाक्य असे : मी ऐन उमेदीची काही वर्षे भाऊच्या धक्क्यावर काढली.

परवा माझ्या पुतणीचे लग्न झाले. पुण्यातले कार्यालय, बाहेर अवकाळी पाऊस, आत पंगत. नवरदेवाचे थोरले मामा देवगडकडचे. माझ्याच वयाचे, गोरेपान, बोलघेवडे. जिलबी वाढली जात असताना त्यांना कोकणची बोट आठवली. का आठवली ते मला कळले नाही, पण कोकणातल्या माणसाला बोट आठवायला कारण लागत नाही. मग डेकवरचे चांदणे आले, गार वारा आला, पाठीमागे सुटत जाणारा पांढरा फेस आला, कुणीतरी बासरी वाजवणारा आला. अख्खी पंगत जिलबी हातात धरून ऐकत होती. मी न राहवून म्हणालो, "मामासाहेब, तुमची ट्रंक मी उचललेली असेल. मी होतो ना धक्क्यावर."

मामा थांबले. माझ्याकडे पाहिले. "तुम्ही? परभणीचे?" म्हणाले, "अहो, तुमच्याकडे प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी सांगता?"

पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला. मी काही बोललो नाही. कारण उघड आहे : मी मुलीकडचा होतो. मुलीकडच्या माणसाला लग्नात मत नसते. पण लग्न पार पडले, मुलगी सासरी गेली, मानपान झाले, आणि आता मी मोकळा आहे. तेव्हा मामासाहेब, ऐका.

माझी पहिली तक्रार तुमच्या एकट्याविरुद्ध नाही, बोटीच्या आठवणी काढणाऱ्या तुमच्या सगळ्या जमातीविरुद्ध आहे. तुमच्या आठवणी नेहमी भोंगा वाजल्यावर सुरू होतात. भोंगा वाजला, बोट हलली, धक्का लांब लांब जाऊ लागला, की लागली तुमची लेखणी चालायला. अहो, पण तुम्ही त्या बोटीवर चढलात कसे? उडत? बरोबर दोन ट्रंका, एक वळकटी, एक पितळेचा हंडा, मुंबईत विकत घेतलेले स्टोव्ह-छत्र्यांचे गाठोडे, कडेवर एक, बोटाला एक, आणि मागून येणारी सासू, असा सगळा लवाजमा त्या हलत्या शिडीवरून वर गेला, तो काय चांदण्याने नेला? तुमच्या आठवणींत धक्का फक्त लांब जाण्यापुरता येतो. आम्ही त्याच्यावर उभे होतो, साहेब. आमच्यापासून बोट लांब जात होती, आणि आम्ही गमछाने मान पुसत होतो.

तुम्ही विचारलेत, परभणीच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय. सांगतो. संबंध टँकरचाच आहे.

१९७२ चा दुष्काळ तुम्ही पेपरात वाचला असेल. मी मॅट्रिक झालो आणि त्याच साली खडी फोडायला बसलो. मराठवाड्यात तेव्हा जो तो खडी फोडत होता. जमीनदार, कूळ, सुतार, मास्तरचा मुलगा, सगळे एका रांगेत. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, मुलांना सुकडी. एवढी खडी फोडली की तिचे रस्ते करायचे म्हटले असते तर पेडगाव ते लंडन डांबरी झाले असते. अशात माझा एक मावसभाऊ मुंबईला दारूखान्यात होता. (दारूखाना म्हणजे तुम्हाला वाटते ते नव्हे. रे रोडजवळची वस्ती. तिथे जुन्या बोटी तोडतात.) त्याने पोस्टकार्ड टाकले : ये. मी मीटर गेजच्या गाडीत बसलो, मनमाडला मोठ्या गाडीत बदललो आणि डॉकयार्ड रोडला उतरलो. आमच्याकडे एक जण मुंबईला गेला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा जातो, त्यातलाच प्रकार.

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तुमच्यासारखे मला काव्य सुचले नाही. मला राग आला. गावाकडे माय दोन घागरींसाठी आडावर रात्र काढत होती आणि इथे हे एवढे पाणी नुसते हलत होते. मी ओंजळभर घेऊन तोंडाला लावले. पुढचे सांगत नाही. पहिल्या सुटीत गावी गेलो तेव्हा माय म्हणाली, "समिंदर म्हंजी केवढा रे? आपल्या दुधनेएवढा?"

म्हटले, "माय, तिकडचा काठच दिसत न्हाई."

ती बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "मंग तिकडच्या माणसानं यावं कसं?"

मामासाहेब, बंदर म्हणजे काय, धक्का कशासाठी, यावर मोठमोठ्या माणसांनी ग्रंथ लिहिले असतील. माझ्या अडाणी आईने एका वाक्यात तो विषय संपवला. हाच प्रश्न मुंबईत एका मराठी माणसाला पडला होता, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना. लोक त्यांना भाऊ म्हणत, भाऊ रसूल म्हणत. कोकणातून येणारा उतारू चिखलातून, पाण्यातून धडपडत मुंबईत चढायचा, म्हणून त्यांनी १८४१ साली धक्का बांधला असे सांगतात. सरकारी कागदावर त्याला फेरी व्हार्फ म्हणतात. म्हणोत. मुंबईत गव्हर्नरांच्या नावाचे रस्ते होते, राणीच्या नावाचे स्टेशन होते, पण नुसत्या 'भाऊ'च्या नावाने ओळखली जाणारी एवढी मोठी जागा मला तरी दुसरी दिसली नाही. तिथे पाय ठेवल्यावर मला वाटले, भाऊ म्हणजे आपल्याच घरातला कुणीतरी. मग मी तिथेच राहिलो.

आता कामाविषयी. बोटी तेव्हा दोन मुख्य, 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती'. आधी चौगुल्यांच्या, पुढे मोगल लाइन्सकडे गेल्या. सकाळी सुटायची ती दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. मी ही नावे आजही गायत्री मंत्रासारखी म्हणू शकतो, आणि त्यातले एकही बंदर मी पाहिलेले नाही. हो, एकही नाही! हजारो माणसांना मी बोटीत चढवले, पण स्वतः कधी बसलो नाही. तुम्हाला याचे हसू येईल. पण रेल्वेचा फाटकवाला कुठे दिल्लीला जातो?

धक्क्यावरच्या कामाला तुम्ही लोक हमाली म्हणता. असेल. मीही बिल्ला लावून ट्रंका वाहिल्या. पण ओझे उचलणे हा त्यातला सोपा भाग. ओझे माझ्या बापानेही उचलले, बैलानेही उचलले. अवघड काम होते ते माणूस चढवण्याचे. धक्का स्थिर आणि बोट हलती. भरती-ओहोटीप्रमाणे शिडीचा उतार बदलणार. आणि तिच्यावर पाय टाकणारी सत्तर वर्षांची बाई, नऊवारी नेसलेली, हातात गणपतीच्या आरासीचे सामान, तोंडात देवाचे नाव. पहिल्याच दिवशी मी अशा एका बाईचा हात धरला, तर एक जुना खलाशी माझ्यावर ओरडला. "हात नको धरू. मनगट धर!"

मी विचारले, फरक काय?

तो म्हणाला, "हात धरलास तर तिनं सोडला की सुटला. मनगट धरलंस तर तू सोडशील तेव्हाच सुटतं."

एवढी एक गोष्ट शिकायला मला मॅट्रिकपर्यंतच्या अकरा वर्षांनी मदत केली नव्हती. दुसरी गोष्ट : घाई करायची नाही. लाट वर येते तेव्हा पाय टाकायचा नाही, खाली जाते तेव्हा नाही. वर येऊन जरा थबकते, तेव्हा "हं, आता" म्हणायचे. त्या "आता"चा अंदाज यायला मला एक हंगाम लागला. तो एकदा आला की मग कशातही जात नाही. मी पुढे गावात पिठाची गिरणी चालवली, तिथेही पट्टा चढवताना मी मनातल्या मनात "हं, आता" म्हणायचो. बायकोशी बोलतानासुद्धा लाट कुठे आहे हे बघूनच बोलायची सवय लागली. आमचा संसार टिकला यात भाऊच्या धक्क्याचा मोठा वाटा आहे.

भाषेची मात्र पंचाईत व्हायची. एकदा एक मालवणची आजी, हातात काठी, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "झिला, ती पिशवी माका दी."

आता आमच्याकडे माका ही वनस्पती आहे. ओढ्याकाठी उगवते, केसांना तिचे तेल लावतात. मी नम्रपणे म्हणालो, "आज्जे, माका इथं कुठला? आमच्याकडं लई उगवतो, पुढच्या खेपेला आणतो."

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "खंयचो रे तू?"

"पेडगावचा."

"मगे बरोबर आसा," आजी म्हणाली आणि पिशवी स्वतःच उचलून चालू लागली.

पुढच्या हंगामात मी तिला खरोखरच माक्याच्या तेलाची बाटली आणून दिली. ती दर वर्षी दिवाळीनंतर गावी जायची आणि शिमग्यानंतर लेकाकडे परत यायची. येताना माझ्यासाठी कधी आमसुले, कधी कुळथाचे पीठ. पेडगावला कुळथाची पिठी आणि ज्वारीची भाकरी असा जो बेत आमच्या घरी आजही होतो, तो कोकण आणि मराठवाड्याचा पहिला करार आहे. त्यावर कुठल्याही मंत्र्याची सही नाही. आजीला माझे नाव शेवटपर्यंत माहीत नव्हते. ती मला "वेड्या" म्हणायची. म्हणीचा एवढा गोड उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मला आठवत नाही.

तेव्हा मामासाहेब, समुद्र तुमचा असेल. आहेच. पण धक्का समुद्राचा नसतो, तो जमिनीचा असतो. समुद्रात माणूस घालायला आणि समुद्रातून काढून घ्यायला जमिनीने पुढे केलेला तो हात आहे. त्या हाताची बोटे कोण होती ते तुम्ही वर डेकवरून पाहिले नाही. आमच्यात कोळी होते, तसे साताऱ्याच्या घाटावरचे होते, उत्तर प्रदेशातले भैये होते, तेलंगणातले होते. निम्म्यांना पोहता येत नव्हते. मला अजूनही येत नाही. दोरखंड झेलायला पोहता यावे लागत नाही, पाय घट्ट रोवता यावे लागतात, आणि ते आम्हा काळ्या मातीतल्या लोकांना बरे जमते.

तुमच्या चांदण्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. चांदणे असेल. पण परत आलेली बोट आम्ही रिकामी होताना पाहिलेली आहे. रात्रभर लागलेल्या बोटीने हिरवेपिवळे झालेले चेहरे, हातात चोखून वाळलेली लिंबे, आणि लोअर डेकवरचा तो वास! सुकी मासळी, फणस, डिझेल आणि माणसाच्या पोटातून जे जे बाहेर येऊ शकते ते. मे महिन्यात तर जागा धरायला लोक सतरंजी बगलेत मारून असे धावायचे की पानिपतावर एवढे धावले असते तर निकाल वेगळा लागला असता. हे सगळे तुम्ही गाळता. गाळा. पण मग आमचे तरी सोन्याचे दिवस होते असे मी म्हणणार नाही. आमचा एक मुकादम होता. नाव कशाला, गेला बिचारा. दर ट्रंकेमागे त्याचा आणा ठरलेला. दिवसाला ट्रंका किती हे तो मोजायचा आणि पैसे किती हे आम्ही मोजायचे नाही, असा नियम. मॅट्रिक झाल्यामुळे पुढे मला टॅलीचे, म्हणजे नग मोजण्याचे काम मिळाले. तेव्हा कळले की कागदावर मोजलेली ट्रंक नेहमी खांद्यावरच्या ट्रंकेपेक्षा हलकी असते.

आणि पावसाळा! जून उजाडायच्या आत बोटी बंद, त्या पार पाऊस सरल्यावर सुरू. चार महिने धक्क्यावरच्या रोजंदारीच्या माणसाने काय खावे, हा प्रश्न कुठल्याही आठवणीत मला सापडला नाही. माझे मात्र एक नशीब. ज्या दिवसांत समुद्र बंद, त्याच दिवसांत आमचे शेत उघडे. मृग निघाला की मी पेडगावला. पेरणी, कोळपणी, मूग-उडीद काढून होईस्तोवर इकडे समुद्र शांत. तूर आणि कापूस बापाच्या हवाली करून मी पुन्हा धक्क्यावर. पावसाच्या एका टोकाला माझे शेत आणि दुसऱ्या टोकाला तुमची बोट. आता सांगा, परभणीच्या माणसाचा समुद्राशी संबंध आहे की नाही? पाऊस तिकडूनच येतो हो. तुमच्याकडून निघतो आणि आमच्याकडे पोचेपर्यंत संपतो, एवढीच काय ती तक्रार.

आता मुख्य भांडण. पंगतीत मामा शेवटी एक वाक्य बोलून गेले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. "काय करणार, तोट्यात होती, म्हणून बंद पडली."

हे तोट्याचे वाक्य मला कधीच पचलेले नाही. धक्क्यावर हिशेब मीही लिहिलेला आहे. बोटीला तोटा झाला हे खरे असेल. पण मुंबई–गोवा रस्त्याला कधी कुणी विचारले आहे का की बाबा, तू फायद्यात आहेस का? रस्त्याला तोटा होत नाही, रस्त्याला खर्च होतो. तोटा फक्त गरिबाच्या वाहनाला होतो. त्या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. एक तप उलटून गेले तरी ते पुरे झालेले नव्हते. दर गणपतीला खड्ड्यांचे फोटो आणि मंत्र्यांचे दौरे. बाजूलाच देवाने करून ठेवलेला, बिनखड्ड्याचा, बिनटोलाचा, शेकडो मैल लांबीचा रस्ता पडून आहे. त्याला फक्त दोन्ही टोकांना एकेक धक्का आणि मनगट धरणारा एकेक माणूस लागतो.

कोकण रेल्वे आली, १९९८ च्या जानेवारीत तिच्यावर थेट गाड्या धावू लागल्या, हे मला मान्य आहे. मीटर गेजवर वाढलेला माणूस मी, रेल्वेला नावे ठेवणार नाही. रेल्वे असताना रात्रभर ओकत कोण जाईल, हेही मान्य. पण बोट अगदीच नको होती असे म्हणावे, तर मग मधूनमधून तिचा उमाळा का येतो? १९९० च्या दशकात दमानियांची वेगवान कॅटॅमरान गोव्याला धावू लागली आणि थांबली. २०१८ साली 'आंग्रिया' आली. पोहण्याचा तलाव असलेली बोट! समुद्रावर जाऊन तलावात पोहायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला आमच्या पेडगावचे नागरिकत्व द्यायला मी तयार आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. ती चांगली आहे, मी पाहून आलो. तासाभरात पलीकडे. तिच्या पोटात मोटारी शिस्तीत उभ्या राहतात. पण बघा मजा : धक्क्याने आधी माणसाला चढवायचे सोडले, आणि मोटारीला चढवायला तो पुन्हा नवा झाला. गावी जायची बोट तोट्यात असते आणि समुद्र बघायला जायची बोट पर्यटनात असते. ज्याला घरी जायचे आहे त्याने घाटातून हाडे मोकळी करत जावे. ज्याला कुठेच जायचे नाही त्याच्यासाठी गार खोली, काचेची खिडकी आणि वेटर.

सुरक्षितता वाढली असे कुणी म्हणेल. जरूर वाढावी. आमच्या वेळी जुने लोक 'रामदास' बोटीविषयी बोलायचे, आणि बोलताना आवाज खाली आणायचे. १७ जुलै १९४७, आषाढाची अवस. सकाळी बोट याच धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत, काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला कळायला दुपार उलटली. तोवर धक्क्यावर नेहमीसारखे काम चालू होते. ज्याने शिडी काढली, दोर सोडला, तो दिवसभर विडी ओढत दुसऱ्या बोटीची वाट बघत होता. आमच्यातला एक म्हातारा तेव्हा तिथे होता. तो म्हणायचा, "पाऊस होता म्हणून मी माणसं न मोजता आत ढकलली." त्यानंतर तो आयुष्यभर मोजत राहिला. काम नसले तरी मोजायचा. रस्त्याने जाणारी वरात मोजायचा, पंगत मोजायचा. आम्ही पोरे त्याला हसायचो. पुढे टॅलीला बसल्यावर मी हसायचा थांबलो.

सांगायचे ते एवढेच की तुमच्या बोटीत जे सुख होते ते चांदण्याचे नव्हते. तुम्हाला न ओळखणाऱ्या, तुमची भाषा न समजणाऱ्या, पोहता न येणाऱ्या कुणीतरी तुमच्या आजीचे मनगट धरून ठेवले होते आणि ती पलीकडे नीट उभी राहीपर्यंत सोडले नव्हते, ते सुख होते. ते बंद पडले त्याचा तोटा कुठल्या वहीत लिहिलात?

मी एका मृगाला पेरणीला आलो तो परत गेलोच नाही. दारूखान्यातल्या भावाचे पत्र आले : बोटीचे काही खरे नाही, येऊ नकोस. १९८० च्या दशकातच ती वाहतूक संपली. माळवणच्या, नव्हे मालवणच्या आजीसाठी घेतलेली माक्याच्या तेलाची बाटली आमच्या कोनाड्यात बरीच वर्षे होती. शेवटी बायकोने लावून संपवली. केस काळे राहिले, हे कबूल केले पाहिजे.

हे सगळे मी पंगतीत बोललो नाही. मनातल्या मनात बोललो, आणि मनातल्या मनात मामासाहेबांना तीनदा हरवले. पण लग्न उरकल्यावर एक गोष्ट घडली. पाऊस चालूच होता. कार्यालयाच्या पायऱ्या गुळगुळीत फरशीच्या, वर पाणी, त्यावर अक्षता आणि फुले. मामा धोतर सावरत उतरायला लागले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आहेराची पिशवी. गुडघे आमच्या वयाचे. दुसऱ्या पायरीवर ते थबकले आणि इकडेतिकडे बघू लागले. जवळ तरुण मुले पुष्कळ होती, पण ती फोटो काढत होती.

मी खाली उतरून उभा राहिलो. त्यांनी हात पुढे केला. मी मनगट धरले. क्षणभर थांबलो आणि सवयीने तोंडातून निघून गेले, "हं, आता."

मामा उतरले. खाली नीट उभे राहिले. मी मनगट सोडले तरी ते माझ्या हाताकडेच बघत होते. कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "तुम्ही खरंच होता तिथं."

"होतो," मी म्हणालो.

"माझ्या आईलाही असंच कुणीतरी..." आणि पुढे त्यांना बोलवेना. छत्रीतून पाणी गळत होते. रिक्षा येऊन थांबली. आत बसता बसता ते पुन्हा बाहेर डोकावले. चेहरा उजळला होता.

"पण काय हो," म्हणाले, "पेडगाव म्हणजे ते वेड पांघरून जायचं, तेच ना?"

पाऊस जोरात होता, रिक्षावाला घाई करत होता. भीमेचा काठ, श्रीगोंदा तालुका, बहादूरगड असे सगळे सांगायला वेळ नव्हता.

"हो, हो," मी म्हणालो. "तेच."